टीव्हीत पाहिलेली डाळिंबी करवतकाठी

माझ्या मुलीला सांगून आलेल्या त्या स्थळात काहीच खोट निघेना, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मुलगा बँकेत, एकुलता एक, नागपुरातच बेसाला स्वतःचा फ्लॅट, आईवडील हसतमुख, आणि वर "आम्हाले काही नको, फक्त मुलगी आणि नारळ द्या" म्हणणारे. माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीत दुसऱ्यांची प्रवासभत्त्याची बिलं तपासण्यात गेली. ज्या बिलात एकही खाडाखोड नसे, ते मी दोनदा बघायची. माणसांच्या बाबतीतही माझं तेच आहे. मी त्यांच्या अपार्टमेंटच्या चौकीदाराशी बोलले, खालच्या किराणा दुकानात साबुदाण्याच्या निमित्ताने उभी राहिले, मुलाच्या बँकेत कुणाची तरी ओळख काढली. सगळीकडून एकच उत्तर आलं, माणसं चांगली आहेत. माझा नवरा वैतागून म्हणाला, "अवं, आता तरी हो म्हण. का भिंतीलेबी विचारून येतं?"

मुलीला मात्र मुलगा मनापासून आवडला होता. आधीची स्थळं तिने चहाचा कप खाली ठेवायच्या आत नाकारली होती. ह्याच्याशी फोनवर बोलून झालं की ती गच्चीवरचे कपडे काढताना गुणगुणायची. हुडकेश्वरच्या आमच्या घरात एवढं गुणगुणणं मी कधी ऐकलं नव्हतं. तिच्याकडे बघून मी माझी शंका गिळून टाकली, निदान तोंडाबाहेर तरी काढली नाही.

मुलगी भौतिकशास्त्र शिकलेली. संत्री निवडायचे कॅमेरे बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती काम करते. हंगामात काटोलला जाऊन राहते. तिथे पट्ट्यावरून संत्री जातात आणि वर बसवलेला कॅमेरा सालीखालचं बघतो, कुठलं फळ आतून दबलंय, कुठल्याचं पाणी सुकलंय. आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड तो कॅमेरा टिपतो म्हणे. मी तिला म्हटलं होतं, मी संत्रं नुसतं तळहातावर तोललं तरी सांगते. ती म्हणाली, "ट्रकभर तोलून दाखव." त्या कॅमेऱ्याच्या काचेमागे क्वांटम डॉट नावाचे कण असतात, डोळ्यांनीच काय, शाळेतल्या सूक्ष्मदर्शकानेही न दिसणारे. त्यात शिसं असतं असं मी कुठेतरी वाचलं आणि तिला धारेवर धरलं. ते पक्कं बंद केलेलं असतं, तू चाटणार आहेस का, असं तिने मला विचारलं.

तर आम्ही पहिल्यांदा बेसाला गेलो तेव्हा त्यांच्या हॉलमध्ये भिंतभर टीव्ही लागलेला होता. मुलाच्या वडिलांनी आम्हाला पाणी विचारायच्या आधी टीव्ही दाखवला. क्वांटम डॉटवाला आहे, म्हणाले. दुकानात जसा झगमगत होता तसाच घरी पाहिजे म्हणून बसवायला आलेल्या माणसाला त्यांनी एकाही बटणाला हात लावू दिला नव्हता. कोपऱ्यावर दुकानाचा पिवळा स्टिकरही तसाच होता. पण हे डॉट म्हणजे काय, ते त्यांना सांगता येईना. मग माझी मुलगी पुढे सरसावली. टीव्हीच्या आत निळा उजेड असतो, त्याच्यासमोर ह्या कणांचा पातळ पडदा. कण जरा मोठे असले की निळ्याचा लाल करतात, लहान असले की हिरवा. नुसत्या आकारावर रंग ठरतो. माझ्या कॅमेऱ्यातलेही त्यांचेच भाऊबंद आहेत, म्हणाली, फक्त तुमचे उजेड देतात आणि माझे घेतात. म्हातारे इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे "बेटा, तू आमच्याच घरी ये" असं म्हणून टाकलं.

मी मात्र टीव्हीकडे बघत होते. जंगलाचा कुठलासा कार्यक्रम चालू होता आणि फांदीवर एक पोपट बसला होता. आमच्या पेरूवर रोज पोपट येतात. असा हिरवा पोपट मी जन्मात पाहिला नव्हता. तसं मी म्हटलंही. सगळे हसले.

लग्न ठरलं. साखरपुड्याआधी वरमाईची साडी घ्यायची होती. आमच्याकडे ही साडी म्हणजे मोठं प्रकरण असतं. पैसे मुलीकडचे, पण पसंती वरमाईची. तिला दुकानात न्यायचं, गादीवर बसवायचं, चहा पाजायचा, आणि ती ज्या साडीवर हात ठेवेल ती मुकाट्याने बांधून घ्यायची. पण मुलाच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. जिना चढायची-उतरायची बंदी. त्यांनीच सुचवलं की तुम्ही दुकानात जा, आम्ही व्हिडिओ कॉलवर बघतो. त्यांना हवी होती करवतकाठी, आपल्या विदर्भातली टसरची साडी, काठावर करवतीचे दाते असलेली.

इतवारी बाजारातल्या एका साडीच्या दुकानात मी, नवरा आणि मुलगी असे तिघे गेलो. दुकानातल्या उजेडावर नागपुरातली कुठलीच बाई विश्वास ठेवत नाही. साडी उचलायची आणि दारात न्यायची, रस्त्यावरच्या उन्हात बघायची, दुकानदारही त्यासाठी वाट मोकळी ठेवतात. मी एकेक साडी खांद्यावर टाकून दारात उभी राहत होते आणि मुलगी फोन धरत होती. तिकडे मुलाने तो कॉल टीव्हीवर लावला होता, म्हणजे सगळ्यांना नीट दिसावं. त्याच्या आत्या, काकू, मावश्या जमल्या होत्या. मोहरी रंग नापास झाला, आमसुली नापास झाला. मी डाळिंबी खांद्यावर घेतली आणि तिकडून एकदम गलका आला. हीच, हीच, दुसरी दाखवूच नका.

मला आश्चर्य वाटलं. ती डाळिंबी अगदी दबलेली होती. वाळत घातलेल्या डाळिंबाच्या सालीचा असतो ना, तसला रंग. टसर मुळात मातकट, रंग पिऊन टाकणारं. चार बायकांत उठून दिसावं म्हणून कुणी ती घेतली नसती. मला म्हणूनच ती आवडली. म्हटलं, बाईची आवड साधी आहे, मुलगी सुखात राहील. त्या घराबद्दल मला पहिल्यांदा बरं वाटलं ते त्या दारात.

साडी फॉल-पिकोला दिली, नवऱ्याने आठवड्याने आणली, आणि ब्लाऊज शिवायला वेळ मिळावा म्हणून मी आणि तो ती घेऊन बेसाला गेलो. मुलगी तेव्हा काटोलला होती. मुलाच्या आईने खोका उघडला आणि तिचा चेहरा उतरला. तिने साडी ट्यूबलाइटखाली धरली, खिडकीजवळ नेली, परत आणली. "छान आहे," असं म्हणाली. ज्या आवाजात म्हणाली तो मी ओळखते. कुणाच्या घरची भाजी खारट झाली की आपण त्याच आवाजात बोलतो.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"ताई, राग मानू नका. पण मी पसंत केली होती ती ही साडी नाही."

"काहून नाही? तुमच्यासमोर तर बांधली."

"समोर होती ती वेगळी होती. घरातल्या सगळ्या बायांनी पाह्यली, ताई. मी एकटी म्हणून नाही राहिली."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, आलं बाहेर. नारळावर भागणारी माणसं आता साडीवर आली, उद्या सोन्यावर येतील. मी फटकन बोलणार होते, पण तेवढ्यात तिने सांगितलं की एका आत्याने त्या दिवशी टीव्हीचा फोटो काढून ठेवलाय, तो पाठवते. फोटो आला. मी चष्मा पुसून बघितला. दुकानाच्या दारात मीच उभी होते, माझाच चष्मा, माझाच वैतागलेला चेहरा. आणि माझ्या खांद्यावर जी साडी होती ती मी कधीच पाहिली नव्हती. डाळिंबाचे दाणे फुटावेत असा लाल रंग, आणि काठ असा हिरवागार की बघत राहावं.

मला भीतीच वाटली. स्वतःच्या डोळ्यांवरचा माझा विश्वास पहिल्यांदा डळमळला. साडी माझ्या खांद्यावर होती, मी ती हाताने चाचपली होती, आणि फोटो सांगत होता की ती दुसरीच होती. मग कुणी बदलली? कुठेतरी पाणी मुरत होतं हे नक्की. मी बेसाहून साडी परत मागवली आणि ती घेऊन इतवारीत गेले. दुकानदार म्हणाला, हीच ती साडी, आणि तुम्ही फोटोत दाखवता तसा रंग टसरवर चढतच नाही. तो इतक्या शांतपणे बोलला की मला त्याचाच संशय आला. फॉल लावणाऱ्या बाईकडे गेले, तिने तर मला दारातूनच वाटेला लावलं. उरला माझा नवरा. त्या बाईकडून साडी घेऊन तो सरळ घरी आला नव्हता, वाटेत तर्री पोहे खायला थांबला होता आणि साडी गाडीच्या डिक्कीत होती. मी त्याला खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, "अवं, मी पोहे खाल्ले. साडी नाही बदलली."

इकडे साखरपुड्याचा हॉल सांगून ठेवलेला. तिकडून निरोप आला, जरा पुढच्या महिन्यात पाहू. कारण दिलं नाही. त्या बायकांत काय बोलणं चाललं असेल ते मला ऐकू येत असल्यासारखं वाटायचं. चांगली दाखवली आणि हलकी दिली. आज साडी, उद्या काय? मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं, आणि ह्या विचाराने मला जास्तच राग यायचा. मुलगी काटोलहून रोज फोन करायची. तिचं आणि मुलाचं बोलणं आखडत चाललं होतं. तो म्हणायचा, घरी वातावरण गरम आहे, तू टेन्शन घेऊ नको. तुला स्वतःला काय वाटतं, असं तिने विचारलं तर म्हणायचा, मी यात पडत नाही. हे मला सांगताना तिचा आवाज अगदी बारीक झाला. लग्न मोडणार, हे न बोलता आम्ही दोघींनी धरलंच होतं.

शनिवारी ती घरी आली. बॅग खाली ठेवून तिने आधी साडी बघितली, मग माझ्या हातातून फोन घेतला. बोटांनी फोटो मोठा केला, खाली सरकवला, वर सरकवला.

"आई, हा फोटो कशाचा आहे?"

"तुझ्या आईचा."

"नाही वं. टीव्हीचा आहे. हे पाह्य, खाली स्टिकर दिसून राहिला."

मग तिने मला माझाच चेहरा मोठा करून दाखवला. गाल लालभडक. तू इतकी लाल कधी होतीस, असं विचारलं. मी म्हटलं, रागात असते तेव्हा. पण हसताहसता मी बारकाईने बघितलं तर मागच्या दुकानाची जुनाट पाटी नव्या कोऱ्या रंगाची दिसत होती, आणि रस्त्यावर उभी असलेली सायकलरिक्षा वरातीतली वाटत होती.

तिने सांगितलं ते असं. फोनचा कॅमेरा साधे, मोजके रंग पाठवतो. त्या टीव्हीत मात्र ह्या कणांमुळे लाल आणि हिरव्याचा साठा कितीतरी जास्त असतो. नीट लावला तर तो जेवढं आलं तेवढंच दाखवतो. पण दुकानात शंभर दिव्यांखाली गिऱ्हाईक थांबावं म्हणून त्याला भडक करून ठेवतात, मग तो प्रत्येक रंग ओढून ताणून शेवटाला नेतो. ह्यांच्याकडे तो अजून दुकानातच असल्यासारखा चालू आहे. त्यांनी साडी पाहिलीच नाही, टीव्ही पाहिला.

मला हे पटायला वेळ लागला. माझ्या मनात आलं, हिला लग्न हवंय, म्हणून ही त्यांच्या बाजूने विज्ञान काढतेय. तसं मी बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, उद्या बेसाला चल, तिथंच बघ.

रविवारी दुपारी आम्ही तिघे गेलो. कुणी कुणाकडे धड बघत नव्हतं. मुलाची आई पाय लांब करून सोफ्यावर बसली होती, वडील पेपरमागे लपले होते, मुलगा उगीचच पंख्याचा वेग कमीजास्त करत होता. माझ्या मुलीने कुणालाही बोलायला वेळ दिला नाही. साडी माझ्या खांद्यावर टाकली, मला बाल्कनीत उन्हात उभं केलं, मुलाला व्हिडिओ कॉल लावला आणि त्या दिवशीसारखाच टीव्हीवर घ्यायला सांगितला.

बाल्कनीच्या दारातून मलाही टीव्ही दिसत होता. भिंतभर मी उभी होते, आणि माझ्या खांद्यावर ती फोटोतली साडी, दाणे फुटल्यासारखी. मुलाच्या आईने टीव्हीकडे बघितलं, मग मान वळवून माझ्याकडे, मग पुन्हा टीव्हीकडे. सोफ्याचा हात धरून ती उठली आणि लंगडत बाल्कनीत आली. तिने पदर माझ्या खांद्यावरच चिमटीत धरला आणि तो धरून टीव्हीकडे बघितलं. टीव्हीतल्या पदरालाही तिची बोटं लागलेली होती. मुलीने रिमोट घेऊन कुठलीशी सेटिंग बदलली. सगळी भिंत एकदम निवली. साडी वाळक्या सालीची झाली, माझे गाल माझ्या वयाचे झाले. वडिलांनी पेपर खाली घेतला आणि दुःखाने विचारलं, "बेटा, पहिल्यासारखा परत होते ना तो?"

सगळे हसले. मुलाच्या आईने माझे दोन्ही हात धरले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "ताई, मी पाप बोलली. मनात नाही नाही ते आणलं. तुम्ही मले माफ करा." मला भरून आलं. मी सुद्धा तुमच्याबद्दल कमी वाईट विचार केला नाही, असं मी तिला सांगितलं, आणि ते खरंच होतं. आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून सोफ्यावर बसलो. ती म्हणाली, हीच साडी नेसते, ह्याच रंगाची. त्या क्षणी मला ते घर माझ्या मुलीचं वाटलं.

मुलाने समोसे आणले होते, ते ताटलीत काढताना तोही मोकळा झाला. म्हणाला, "चला, मिटलं एकदाचं. मी तर मनातून केव्हाच सोडून दिलं होतं."

"काय सोडून दिलं होतं?" मुलीने विचारलं.

"हेच, साडीचं. म्हटलं, बदलली असेल. त्यांची काही मजबुरी असेल. साडीसाठी काय लग्न मोडतात? आईलेबी म्हटलं, माफ करून टाक."

तो अगदी प्रेमाने बोलत होता. आपण केवढं मोठं मन दाखवलं हे तिला कळावं, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मुलीने हातातला समोसा ताटलीत परत ठेवला.

"म्हणजे तुले वाटलं, आम्ही बदलली."

"आता माहीत झालं ना, नाही बदलली."

"टीव्हीनं सांगितल्यावर. मले काहून नाही विचारलं?"

"विचारलं असतं तर तुले वाईट वाटलं असतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मी इतकी वर्षं लोकांच्या खोट्या गोष्टी पकडल्या, पण ह्या मुलाच्या बोलण्यात एकही शब्द खोटा नव्हता. माझी मुलगी चोराच्या घरची आहे असं धरून तो तिला घेऊन जायला तयार होता, आणि जन्मभर तिला ते बोलून दाखवणार नव्हता.

मुलगी उठली. माझ्या खांद्यावरची साडी तिने काढली, तिथेच उभी राहून नीट घडी केली आणि त्याच्या आईच्या मांडीवर ठेवली. "काकू, ही तुमचीच आहे. आईनं तुमच्यासाठीच घेतली," असं म्हणाली. मग त्याच्याकडे वळली.

"मले नाही जमणार."

कुणाला आधी कळलंच नाही. तो हसला, मग त्याचं हसू तसंच राहिलं. ती दाराकडे गेली. माझा नवरा तिच्यामागे गेला. मुलाच्या आईने मांडीवरच्या साडीवरून हात काढला आणि माझं मनगट धरलं.

"ताई, तुम्ही तरी सांगा तिले. पोरगा वाईट नाही माझा."

वाईट नव्हताच. हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आता दोन शब्द माझे, चार तिच्या बापाचे, आठवडाभराची मनधरणी, आणि हे लग्न झालं असतं. मला ते व्हायला हवंही होतं. मी दाराकडे बघितलं. मुलगी खाली वाकून सँडलचा पट्टा लावत होती आणि डोळे भरल्यामुळे तिला भोक सापडत नव्हतं.

मी त्या बाईच्या हातातून हळूच हात सोडवून घेतला, मुलीच्या शेजारी गेले आणि चपला घातल्या.